लिंडेकरांच्या सुमनकाकू

सुमनकाकू बोरकरांची आणि ऑगस्ट लिंडेकरची ओळख झाली तेव्हा लिंडेकरला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. ही अडचण काकूंनी कधी मनावर घेतली नाही. त्याच्याविषयी त्या बोलायच्या ते आत्ताच कोपऱ्यावर भाजी आणायला गेलेल्या माणसाविषयी बोलावं तसं. "ऑगस्टराव तापट होते रे, पण मनात काही ठेवायचे नाहीत," असं त्यांनी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, आता दार उघडून हा गृहस्थ आत येणार आणि चहा मागणार.

मला त्या भेटल्या २००१ च्या हिवाळ्यात. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या शेजारचं एक गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जी निवडणूक व्हायची आहे तिच्यातली माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांशी बोलतात. आमची अपार्टमेंट्स गावाच्या कडेला होती, आणि त्यांत निम्मे आपलेच लोक. सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर कंपन्यांनी भराभर प्रोजेक्टं कॅन्सल केली, तसा मीही बेंचवर आलो. बेंचवर म्हणजे नोकरी असते, काम नसतं, आणि नोकरी तरी किती दिवस असेल ते कोणी सांगत नाही. घरी बसून बायकोच्या चेहऱ्यावरची काळजी वाचण्यापेक्षा मी चालत जवळच्या वाचनालयात जाऊ लागलो. गावच्या मोठ्या वाचनालयाची ही धाकटी शाखा. लाल विटांची, आपल्याकडच्या शाळेच्या दोन वर्गांएवढी. अमेरिकेत कामाच्या दिवशी भर दुपारी वाचनालयात कोण बसतं, हे मला तेव्हा कळलं. बेकार इंजिनिअर आणि कोणाचे तरी आईवडील.

आईवडील म्हणजे सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे आलेले, परत जाऊन पुन्हा येणारे. मुलगा-सून सकाळीच ऑफिसात, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचं इंग्रजी झेपत नाही आणि बाहेर बर्फ. गाव सगळं गाडीवाल्यांसाठी बांधलेलं. पायी जाण्याजोगी जागा एकच, ती ही शाखा. तिथे खिडकीजवळ खुर्च्या ओढून ही मंडळी एकावर एक स्वेटर चढवून बसलेली असत आणि मधोमध सुमनकाकू. अंगाने लहानखुऱ्या, सुती साडी, साडीखाली जावयाचे जुने बर्फातले बूट आणि डोक्याला लोकरी टोपी. ती मात्र टिकली दिसेल इतकी वर सरकवलेली.

मी आत शिरलो तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कुठला रे तू?"

"नाशिकचा."

"मराठी आहे ना? मग बस, नाशिक. आजच्या भागात ऑगस्टराव बोटीवर चढून राहिले."

मी बसलो. तेव्हापासून त्यांच्या लेखी माझं नाव नाशिक. माणसांना गावाच्या नावाने हाक मारायची सवय त्यांना शाळेपासून होती. अमरावतीला त्यांनी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात उभा जन्म घालवला होता. यजमान गेल्यावर मुलीने, मनीषाने, त्यांना इकडे आणलं. मनीषा इथली नागरिक, म्हणून काकूंना ग्रीनकार्ड. "बाकीच्यांना सहा महिन्यांनी सुटका असते," त्या म्हणायच्या, "मला जन्मठेप आहे बाप्पा." म्हणताना हसायच्या, पण पहिली दोन वर्षं त्या मुलीच्या घरात खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होत्या, हे मला मनीषानेच सांगितलं. मग एके दिवशी त्या चालत चालत या शाखेपर्यंत आल्या.

आत शिरल्याबरोबर समोर भिंतीवर एक तैलचित्र होतं. पांढरे भरघोस कल्ले, वर केलेली हनुवटी, आणि एक हात पुस्तकावर. खाली पितळी पट्टीवर नाव. काकूंनी टेबलामागच्या पोराला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, "सम ओल्ड जर्मन गाय." या उत्तराचा काकूंना जो राग आला तो मी भेटलो तेव्हाही उतरला नव्हता. "ज्याच्या घरात बसतो त्याचं नाव माहीत नको का रे? आमच्याकडे शाळेतल्या शिपायाला सुद्धा शाळा कोणी बांधली ते सांगता येत होतं." नाव वाचून तर त्यांना तो आपल्यातलाच वाटला. लिंडेकर म्हणजे कुठल्या तरी लिंडे गावचे. सांगलीचे कुलकर्णी आजोबा पुष्कळ दिवस त्याला कोकणातला समजत होते.

मग काकू मागे लागल्या. गावच्या इतिहास मंडळाची पत्रकं, जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म, चर्चमागची दफनभूमी, सगळं पालथं घातलं. जर्मन शिकायलाही घेतलं. ते नमस्कार आणि दोनचार शिव्या इतपत आलं. आणि हाती लागेल तसतसं त्या दुपारी तीनच्या सुमाराला मंडळींना मराठीतून सांगू लागल्या. रोज एक भाग.

लिंडेकर हानोव्हरकडच्या एका खेड्यातल्या खोगीर बनवणाऱ्याचा मुलगा. तरुणपणी तिकडे राजाविरुद्ध उठाव झाला त्यात हा पुढे. उठाव फसला तसा कातडं शिवायची हत्यारं पोतडीत घालून बोटीवर चढला. शिकागोहून पायी या भागात आला, कारण इकडे त्याच्या बोलीचे शेतकरी होते. घोड्यांचे साज शिवायचं दुकान काढलं. शेतकऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, बऱ्याच जणांना काहीच वाचता येत नव्हतं. म्हणून हा रविवारी दुकानाच्या माडीवर जर्मन वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवू लागला. त्या माडीचंच पुढे हे वाचनालय झालं. लोकांना नागरिकत्वाच्या शपथेसाठी तयार करायचं कामही त्याने अंगावर घेतलं. मग विधानसभेला उभा राहिला. त्याच्या इंग्रजीला लोक हसले आणि तो पडला. पुन्हा उभा राहिला आणि निवडून राज्याच्या राजधानीला, स्प्रिंगफील्डला गेला. गुलामगिरीविरुद्ध भांडला. म्हातारपणी, शाळांतून जर्मन काढून टाकायचं घाटत होतं त्याविरुद्ध उठला आणि पुन्हा पडला.

ही हकिकत काकू अशी सांगत की बोट हलताना ऐकणाऱ्याला मळमळावं. एक तेलुगू आजी रोज येऊन पहिल्या खुर्चीत बसायच्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण काकूंचा आवाज वर चढला की त्या पदर डोळ्यांना लावायच्या आणि काकू हसल्या की सगळ्यांच्या आधी हसायच्या.

अडचण एकाच ठिकाणी यायची. रविवारी बिअरची दुकानं बंद ठेवावीत असा कायदा यायचा होता, तेव्हा लिंडेकरने त्याविरुद्ध भर सभेत टेबलावर मूठ आपटून भाषण केलं होतं आणि स्वतःचा पक्ष सोडला होता. काकू सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या बाई. हा भाग आला की त्या घाईघाईने म्हणायच्या, "त्यांच्यात ते ताकासारखं घेतात." कुलकर्णी आजोबा मुद्दाम विचारत, "किती ग्लास ताक घ्यायचे हो?" त्यावर काकू चष्म्यावरून असं बघायच्या की आजोबांना पुन्हा पाचवीत बसल्यासारखं व्हावं.

लिंडेकरवर त्यांचा खरा राग होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. "आणि बायको?" त्या मला एकदा म्हणाल्या. आम्ही तेव्हा त्या दफनभूमीत उभे होतो. मला प्रोजेक्ट मिळालं होतं, गाडी घेतली होती, आणि शनिवारी काकू मला कुठे ना कुठे पिटाळत. "हे साहेब स्प्रिंगफील्डला भाषणं करून राहिले. इकडे दुकान कोण चालवत होतं? रविवारी माडीवर दिवे कोण लावत होतं, बाकं कोण पुसत होतं? काटारीना. आणि दगडावर काय लिहिलं, वाच. 'यांची पत्नी.' बस. नावाचं पहिलं अक्षर तेवढं." त्यांनी हातमोजा काढून दगडावरचं शेवाळ नखाने खरवडलं. खाली आणखी काही लिहिलेलं निघालं नाही. परतताना गाडीत त्या लिंडेकरविषयी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पुन्हा तोंड भरून त्याची स्तुती करत होत्या. राग आणि माया एकाच माणसावर करायची त्यांना सवय होती. संसार केलेल्या बाई होत्या.

२००३ मध्ये त्यांनी नागरिकत्व घेतलं. मनीषा आधी कितीदा म्हणाली होती, पण काकू तयार नव्हत्या. परीक्षेचं भय नव्हतंच. राज्यघटनेवरचे प्रश्न विचारणाऱ्या अधिकाऱ्यालाच त्यांनी दोन प्रश्न विचारले असतील. भय शपथेचं होतं. जुन्या देशाची निष्ठा सोडतो, असं हात वर करून म्हणावं लागतं. शपथेच्या दिवशी मनीषाचं ऑफिस, म्हणून शिकागोला मी त्यांना घेऊन गेलो. समारंभ झाला, छोटा झेंडा मिळाला, फोटो झाला. गाडीत बसल्यावर त्या झेंडा मांडीवर ठेवून म्हणाल्या, "ऑगस्टरावांना सोपं गेलं असेल रे. त्यांना राजा सोडायचा होता. मला कोण सोडायचं होतं? मी पंधरा ऑगस्टला पोरांची कवायत बसवत होते." मग त्या रडल्या. मी गाडी चालू न करता तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चल. आता निदान मत तरी देता येईल."

मत देण्याची वेळ आली ती अशी की त्यांनीच कधी कल्पना केली नसेल. २००४ च्या शेवटी वाचनालयाच्या मंडळाने जाहीर केलं, की खर्च परवडत नाही, सबब धाकटी शाखा बंद करायचा विचार आहे. लोकांनी मोठ्या इमारतीत यावं, तिथे पार्किंग भरपूर आहे. पार्किंग! कुलकर्णी आजोबांनी तो कागद वाचून घडी घातला आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही आता घरीच बसायचं." त्या दुपारी लिंडेकरचा भाग झाला नाही. सगळे नुसते बसून होते, आणि तेलुगू आजींना काय झालंय ते कोणी सांगेना, म्हणून त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

या मंडळावर लोक निवडून येतात, एप्रिलमध्ये निवडणूक आहे आणि गावात राहणाऱ्या कुठल्याही मतदाराला उभं राहता येतं, हे काकूंना माहीत होतं. नागरिकशास्त्राची बाई, तिला माहीत असणारच. कोणी तरी उभं राहायला पाहिजे, एवढंच त्या आठवडाभर म्हणत राहिल्या. व्हिसावरचे आईवडील उभे राहू शकत नाहीत, मी नोकरीच्या एच-वन व्हिसावरचा, मला मतही नाही. ज्यांना मत होतं त्यांना वेळ नव्हता. शेवटी मनीषाच म्हणाली, "आई, कोणीतरी म्हणजे तूच. घुमवून काय बोलतेस?"

काकू लाजल्या. मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं.

अर्जावर गावकऱ्यांच्या सह्या लागत होत्या आणि दिवस संक्रांतीचे होते. काकूंनी तिळाचे लाडू वळले आणि डबा घेऊन बाहेर पडल्या. प्रत्येक दारात आधी लाडू, मग सही. त्या चिवट लाडवाने एका म्हाताऱ्याची कवळी हलली, तरी त्याने सही केली. निदान तोंड मोकळं नसल्यामुळे नाही म्हणता आलं नाही, असं मी म्हणालो. काकूंना ते आवडलं नाही.

खरी गंमत फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. शनिवारी मी त्यांना ड्राइव्ह करायचो, आणि दारोदार प्रचार. अमेरिकेत प्रचार म्हणजे दारात उभं राहून नाव सांगायचं, हातात कागद द्यायचा, मत मागायचं आणि पुढच्या दारी जायचं. काकूंना कोणी "आत या" म्हटलं की त्या खरंच आत जायच्या. उंबऱ्यात बूट काढायच्या, पायमोज्यांवर जाऊन सोफ्यावर बसायच्या आणि विचारायच्या, "डू यू नो हू वॉज ऑगस्ट लिंडेकर?" मग बोट, उठाव, पोतडी, माडी. त्यांचं इंग्रजी अमरावतीच्या शाळेतलं, ठाशीव, एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखं. लोक रंगून जायचे. कोणी कॉफी आणायचं. एका जर्मन आजीबाईंनी तर आपल्या पणजोबांचा फोटो काढून आणला आणि दोघी हातात हात घेऊन बसल्या. निघताना काकू सांगायच्या, ही शाखा बंद करणार आहेत, तुम्ही लक्ष द्या. आणि नमस्कार करून बाहेर.

"काकू," मी गाडीत म्हणालो, "मत मागायचं राहिलं."

"अरे, एवढं सांगितलं ना? त्यांना समजत नाही का?"

"तुम्ही उभ्या आहात हे पण नाही सांगितलं."

"आपल्या तोंडानं आपलं काय सांगायचं? मला द्या, मला द्या करायचं? काही लाज आहे की नाही?"

प्रचाराच्या कागदाचंही तेच. दुसऱ्या उमेदवाराच्या, केन नावाच्या जमीनजुमल्याच्या एजंटच्या, कागदावर तो, त्याची बायको, तीन मुलं आणि कुत्रा होता, आणि नाव इतकं मोठं की आंधळ्यानेही वाचावं. काकूंच्या कागदावर अर्ध्या पानाचा लिंडेकर होता, कल्ल्यांसकट. वर लिहिलेलं, 'लिंडेकरची शाखा वाचवा.' आणि तळाशी, औषधाच्या बाटलीवर लिहितात तेवढ्या अक्षरात, सुमन बोरकर. मनीषा म्हणाली, "आई, प्लीज, तुझा फोटो टाकू या ना. आणि डायरेक्टली विचार लोकांना. इथे असंच असतं, यार." काकू म्हणाल्या, "माझं थोबाड बघून कोण मत देणार? त्यांचं काम आहे, त्यांचा फोटो." अंगणात रोवायच्या पाट्यांवरही तोच. मार्च संपेपर्यंत अर्ध्या गावाच्या हिरवळीवर ऑगस्ट लिंडेकर हनुवटी वर करून उभा होता.

मतदानाच्या दिवशी मी सुट्टी घेतली. मतदान केंद्र एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. काकू सकाळीच मत देऊन आल्या आणि नियमाप्रमाणे केंद्रापासून लांब, रस्त्याकडेला माझ्याबरोबर उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे ओळखीचं हसत होते, हात हलवत होते. काकूंचा चेहरा फुलला होता. तेवढ्यात एक उंच म्हातारे गृहस्थ तणतणत बाहेर आले. आम्ही त्यांच्याकडे चांगला पाऊण तास बसलो होतो. काकूंना त्यांनी गाजराचा केक खाऊ घातला होता. ते थेट काकूंपाशी आले.

"धिस इज अ डिसग्रेस," ते म्हणाले. "दे लेफ्ट हिम ऑफ द बॅलट."

"हूम?" काकूंनी विचारलं.

"लिंडेकर! नाव कुठेच नाही. सगळं पान शोधलं मी." मग त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "बट डोन्ट यू वरी, मॅम. आय रोट हिम इन."

अमेरिकेत मतपत्रिकेवर छापलेलं नाव पसंत नसेल तर रिकाम्या ओळीवर आपल्याला हवं ते नाव लिहिता येतं. त्यांनी ते लिहिलं होतं. आमच्याकडे येणारे ते सगळे हसरे चेहरे, हलणारे हात, यांचा अर्थ माझ्या लक्षात आला. काकूंच्या माझ्याआधी आला असावा. त्यांनी त्या गृहस्थांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "थँक यू. ही वुड हॅव बीन व्हेरी हॅपी." त्यांनी त्यांची चूक काढून दाखवली नाही. म्हातारे समाधानाने गाडीत बसून गेले.

काकू पडल्या. निवडणूक कार्यालयातल्या बाईंनी मनीषाला फोनवर सांगितलं की उमेदवार म्हणून नोंद नसलेल्या माणसाची मतं आम्ही धरत नाही. "पण त्या जर्मन माणसाची इतकी निघाली की आम्ही सगळ्या हसून दमलो," असंही त्या म्हणाल्या. ती मतं काकूंच्या पारड्यात पडती तर केन आणि त्याचा कुत्रा दोघं घरी बसले असते. घरी कोणाला हसावं की रडावं कळेना. मी हसलो. मनीषाने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला गेलो.

शाखेचा निर्णय मे महिन्यात मंडळाच्या सभेत व्हायचा होता. सभेत कोणाही गावकऱ्याला तीन मिनिटं बोलता येतं. काकूंनी नाव दिलं. सगळी दुपारची मंडळी आली होती, पहिल्या रांगेत तेलुगू आजी. काकू उभ्या राहिल्या. लिंडेकरविषयी त्या एकच वाक्य बोलल्या, बाकी वेळ कुलकर्णी आजोबांविषयी आणि खिडकीपाशी बसणाऱ्या बायकांविषयी बोलल्या. म्हणाल्या, ही माणसं तुमच्या गावात मत देत नाहीत, कर भरत नाहीत, सहा महिन्यांनी निघून जातात. पण त्यांची मुलं तुमच्या गावात राहतात, आणि आई दिवसभर भिंतीकडे बघत बसली आहे हे माहीत असलेल्या मुलाला कुठलंच गाव आपलं वाटत नाही. "यू कॅन क्लोज अ रूम," काकू म्हणाल्या, "बट देन टेल देम व्हेअर टु वॉक." घंटा वाजायच्या आत त्या खाली बसल्या. वर्गात तास संपवायची सवय.

अध्यक्षबाई, मिसेस वॉल्टर्स, करड्या केसांच्या, फारसं न हसणाऱ्या. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, मी इथे पुष्कळ वर्षं बसते आहे, आणि आमच्या निवडणुकीला गावातलं कुत्रं सुद्धा फिरकत नाही. यंदा मात्र लोक आले आणि त्यांनी मेलेल्या माणसाला मत दिलं. त्याचं नाव मलासुद्धा धड माहीत नव्हतं. जे गाव एवढं करतं, त्याची ही शाखा बंद करणारी मी कोण? मतदान झालं. शाखा चालू राहणार होती. सकाळची बंद, फक्त दुपारची. काठावर झालं, पण झालं. केननेही बाजूने हात वर केला, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं.

टाळ्या झाल्या. कुलकर्णी आजोबांनी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. तेलुगू आजींना कोणीतरी खुणेने सांगितलं आणि त्यांनी काकूंच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

परतताना काकू गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी खुशीत होतो. म्हणालो, "जिंकलात की काकू!"

"ऑगस्टराव जिंकले," त्या म्हणाल्या.

"तेच ते."

"नाही रे, तेच ते नाही." त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "शाखा राहिली, लय बरं झालं. पण एक सांगू, नाशिक? मला ती खुर्ची पाहिजे होती. त्या टेबलामागची. नावाची पाटी असते ना समोर? ती." मग म्हणाल्या, "शाळेत पण असंच झालं. मुख्याध्यापिका मीच व्हायची होते. सगळ्यांना माहीत होतं. मी म्हटलं, विचारतील. कोणी विचारलं नाही. मी बोलले नाही. मग माझ्या हाताखालचा एक माणूस झाला, त्याला पेढा पण मीच दिला. काहून नाही बोलले रे मी? पाहिजे होतं तर काहून नाही बोलले?"

मला त्या क्षणी त्यांची इतकी माया वाटली की गाडी बाजूला घ्यावीशी वाटली, पण मागे रांग होती. मी नुसता चालवत राहिलो.

पुढच्या वर्षी माझी कंपनी बदलली आणि आम्ही न्यूजर्सीतल्या आयसेलिनला आलो. इथे चार पावलांवर भाकरी मिळते, मराठी बोलणारे वाटेल तितके भेटतात, आणि कोणी कोणाला गावाच्या नावाने हाक मारत नाही. काकूंचा अधूनमधून फोन यायचा. पडल्यानंतर दोन वर्षांनी त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या, हेही फोनवरच कळलं. ते सांगताना त्या इतक्या जोरात बोलत होत्या की बायकोला पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं.

पण त्यांची शेवटची भेट त्या निकालाच्या आधीची, २००७ च्या मार्चमधली. मी कामासाठी शॉमबर्गला गेलो होतो. शनिवार मोकळा होता. मनीषाकडे गेलो तर काकू बूट घालून तयार. म्हणाल्या, "बरा आलास. चल." मी भाड्याची गाडी काढली. रस्त्याकडेला बर्फाचे काळपट ढीग वितळत होते. काकू मागच्यापेक्षा वाकल्या होत्या, गाडीत चढताना दाराला धरून थोडं थांबल्या. मांडीवर कागदांचा गठ्ठा होता. त्यावर टोपी न घातलेल्या सुमनकाकू बोरकर कॅमेऱ्याकडे रोखून बघत होत्या. हजेरी घेताना बघतात तसं. नाव मोठं होतं. लिंडेकर कुठेच नव्हता.

"दारात बोलताना तू लांब उभा राहा," त्या म्हणाल्या. "मला तुझ्यासमोर लाज वाटते."

मी फुटपाथवर थांबलो. घर नवीन होतं, नव्याने राहायला आलेल्यांचं असावं. काकू पायऱ्या चढल्या, साडी सारखी केली, बेल दाबली. एका तरुण माणसाने दार उघडलं. काखेत तान्हं मूल, खांद्यावर फडकं. काकूंनी कागद पुढे केला नाही. बूट काढले नाहीत. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि फळ्यासमोरच्या आवाजात, मला रस्त्यावर लख्ख ऐकू येईल असं म्हणाल्या, "माय नेम इज सुमन बोरकर. आय वॉन्ट युवर व्होट."

तो माणूस दचकला. त्याने मूल दुसऱ्या काखेत घेतलं. "शुअर," तो म्हणाला. "फॉर व्हॉट?"

पुढचं सगळं काकू विसरल्या होत्या. वाचनालय, मंडळ, शाखा, काहीच त्यांना आठवेना. पाठमोऱ्या असूनही मला ते कळलं. त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, आणि हात छातीवर ठेवला.

"फॉर मी," काकू म्हणाल्या.